'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'मधलं एकवचन

'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'मध्ये 'इयर'ला एस का नाही, तर तो अपवाद आहे, पाठ करून टाका, असं मुलांना सांगितलं जातं. हे मला पटत नाही. आकडा आणि मापाचं नाम मिळून पुढच्या नामाचं विशेषण झालं की माप एकवचनी राहतं: टेन-रुपी नोट, थ्री-डे कॅम्प, सिक्स-फूट वॉल. क्रियापदानंतर आलं की एस परत येतो, 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड'. मुलांना ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवावीत, पाठांतराची गरज पडत नाही.

यामागे इतिहासही आहे. जुन्या इंग्रजीत आकड्यापुढचं माप षष्ठीच्या अनेकवचनात यायचं. 'फूट'चं ते रूप 'फोता', म्हणजे थेट आपलं 'फुटांची'. शेवटचा 'आ' आधी क्षीण झाला, मग गळून पडला आणि 'फूट' उरलं. म्हणजे आज जे एकवचन दिसतं, ते मुळात आपल्या 'दहा फुटांची भिंत'सारखंच होतं!

रजेच्या अर्जात मात्र 'टू डेज लीव्ह' बरोबर, कारण ती आजही जिवंत षष्ठी आहे. फक्त 'डेज'च्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी हवा, आणि तोच बहुतेक अर्जांत गायब असतो. जोडरेघेचंही तसंच. 'ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स' म्हणजे चार तासांच्या वीस पाळ्या. 'ट्वेंटी'नंतरही रेघ दिली की पाळी चोवीस तासांची.