मदत हवी आहे: मोबाईल कंपनीच्या माणसापुढे गावाने कोणत्या सूचना ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी,

माझं माहेर गुहागर तालुक्यात. मी डोंबिवलीला असते, आई गावी एकटी. गावात ज्या कंपनीचा टॉवर आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही), तिचा या भागाचा अधिकारी पुढच्या रविवारी ग्रामपंचायतीत येणार आहे. "नुसत्या तक्रारी नकोत, काय सुधारायचं ते लेखी द्या," असा त्याचा निरोप आहे. सरपंचांनी ते लिहायचं काम माझ्यावर सोपवलंय. अर्धा तास मिळेल. त्या अर्ध्या तासात त्याला खरोखर करता येईल असंच मागायचं आहे, म्हणून इथे विचारतेय.

सगळ्यात आधी मला जे सुचलं, त्यामागची हकिगत सांगते. गेल्या श्रावणात आईचा पॅक संपला. संपत आल्याचे चार-पाच मेसेज आले होते, पण सगळे इंग्रजीत. आई मराठी सहावीपर्यंत शिकलेली, बटणाचा फोन वापरते, मेसेज उघडून बघायची तिला सवयच नाही. आधी तिचे फोन लागेनासे झाले, तिला वाटलं रेंज गेली. मग येणारे फोनही बंद झाले. मी दोन दिवस नंबर फिरवत होते. तिकडे पाऊस कोसळत होता, आणि माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. शेवटी शेजारच्या काकूंना घरी पाठवलं. आई माजघरात वाती वळत बसली होती. लेकीला वेळ मिळाला नसेल, असं समजून तिने दोन दिवस काढले होते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी: पॅक संपण्याच्या तीन दिवस आधी मराठीत बोलणारा फोन यावा, आणि ग्राहकाने नोंदवलेल्या आणखी एका नंबरवर, म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या, तोच इशारा जावा. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांत म्हातारी माणसंच आहेत. त्यांचा रिचार्ज मुंबईहून होतो. रिचार्ज करणाऱ्यालाच तारीख कळत नाही.

दुसरं म्हणजे वीज. पावसाळ्यात लाइट गेली की दोन-अडीच तासांत टॉवर बंद पडतो. मग फोन करायला माणसं सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या पठारावर चढतात, कारण तिथे पलीकडच्या टॉवरची रेंज येते. दिवसा ठीक आहे, पण रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर सड्यावर कोण जाणार?

तिसरं गणपतीचं. चाकरमानी आले की फोनला पूर्ण रेंज दिसते, पण कॉल लागत नाही.

दर कमी करा, हेही लिहायचं का? २८ दिवसांच्या पॅकमुळे वर्षाला तेरा रिचार्ज होतात, याचा गावात फार राग आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी टॉवरच्या देखभालीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून विजेबद्दल आधी लिहितो. बऱ्याच ठिकाणी टॉवर दुसऱ्याच कंपनीचा असतो आणि मोबाईल कंपनी त्यावर भाडेकरू असते. "बॅकअप आमच्याकडे येत नाही" हे उत्तर मिळेल, त्याची तयारी ठेवा. त्यावर एवढंच म्हणा, की तुमचा भाडेकरार आहे, तुम्ही मागितलंत तर टॉवरवाली कंपनी देईल.

"बॅकअप वाढवा" असं मोघम लिहू नका. बॅटऱ्या कधी बदलल्या, जनरेटर जागेवर आहे का, असेल तर डिझेल कोण आणि किती वेळात पोचवतो, हे विचारा. बॅटरी जुनी झाली की तिची ताकद निम्म्याखाली येते, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत जोडण्याही लवकर गंजतात. दरवर्षी मे महिन्यात लाइट बंद करून टॉवर किती तास चालतो ते पाहावं आणि आकडा ग्रामपंचायतीला कळवावा, हे मागणं त्याच्या आवाक्यातलं आहे. गावातल्या एखाद्या मुलाला आत्तापासून वहीत लिहायला सांगा: लाइट कधी गेली, रेंज कधी गेली, दोन्ही परत कधी आली. आठ-दहा नोंदी असल्या तरी बोलणं बदलतं.

गणपतीत रेंज दिसते आणि कॉल लागत नाही, म्हणजे टॉवर चालू आहे पण त्याच्यावर गर्दी झाली आहे. अडचण टॉवरवर आहे की टॉवरपासून पुढे नेणाऱ्या जोडणीत, ते तपासायला सांगा. ती जोडणी फायबरची (केबलमधून) आहे की मायक्रोवेव्हची (हवेतून, रेडिओ लहरींनी), हा प्रश्न नक्की विचारा. जोडणी अरुंद असेल तर चाकांवरचा तात्पुरता टॉवर आणूनही फार फरक पडत नाही. आणि हे गणपतीच्या तोंडावर मागू नका, दोन महिने आधी मागा.

प्रतिसाद २

दराचं या माणसापुढे काढू नका, अर्धा तास त्यातच जाईल. ते त्याच्या हातात नाही. पण ट्रायचे (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाचे) नियम बरोबर ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पॅक ठेवायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणं बंधनकारक केलं, आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. तुमच्या आईंना हाच लागेल. वर्षातून एकदा रिचार्ज केला की तारीख लक्षात ठेवायची कटकटच संपली.

दुसरं, कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा दाखवावा लागतो. गावाचा नकाशा छापून न्या. वाडी रंगवलेली असेल आणि तिथे फोन लागत नसेल, तर कागद समोर ठेवा.

आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट. सेवा सलग २४ तासांहून जास्त बंद राहिली तर प्रीपेडची मुदत वाढवून मिळण्याची तरतूद २०२४ च्या नियमांत आहे, पण ती जिल्हा पातळीवरच्या मोठ्या बंदला लागू होते. एका गावाचा एक टॉवर तीन दिवस बंद राहिला तर ती लागत नाही. म्हणून गावापुरती तशी भरपाई कंपनीने आपणहून द्यावी, ही सूचना जरूर लिहा. निदान वरपर्यंत पोचेल.

प्रतिसाद ३

आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला दुकानदार म्हाताऱ्या माणसांना रोजच्या दोन जीबीचाच पॅक मारून देतो. फोन बटणाचा, त्यात डेटा कुठे वापरणार! कॉलिंगचा पॅक आहे हे दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक रिचार्जच्या दुकानात मोठ्या अक्षरांत मराठी दरपत्रक लावा, असं सांगा. यात कंपनीचा फारसा खर्च नाही.

प्रतिसाद ४

१९८ वर, म्हणजे कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर, तक्रार केली की डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) मागून घ्यायचाच, हे गावात सगळ्यांना सांगा. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. डॉकेट नंबर नसेल तर अपील अडतं. आमच्या आळीत सगळे फोनवर भांडून मोकळे झाले आणि नंबर एकाकडेही नव्हता.

धागाकर्ती

मनापासून आभार. दुपारीच आईला वर्षभराचा कॉलिंगचा पॅक मारला. तिला तारीख सांगितली तर म्हणाली, "कॅलेंडरवर लिहून ठेवते, पण पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून कुठे आलंय?" म्हणून दुसऱ्या नंबरची सूचना निवेदनात पहिलीच ठेवते आहे.

वाडीतला एक बारावीचा मुलगा आजपासून वही लिहिणार आहे. दराचा मुद्दा काढला. टॉवरच्या चाचणीचा आणि फायबरचा प्रश्न पहिल्या प्रतिसादातल्या दादांनी सांगितला तसाच घेतला.

एकच राहिलं. निवेदन नुसतं सह्यांचं द्यावं, की ग्रामसभेचा ठराव जोडावा? असा ठराव कोणाच्या गावाने केला असेल तर त्याचा मजकूर इथे द्याल का? शुक्रवारपर्यंत मिळाला तर सरपंचांना दाखवता येईल.