एअर पिस्तूलवरून .२२ वर आल्यावर गोळ्या खाली-डावीकडे: धक्का कसा सांभाळायचा?

काळाठिपका

आमच्या रेंजवरची तीन-चार मुलं १० मीटर एअर पिस्तूलवरून २५ मीटर .२२ (०.२२ इंची गोळीच्या) स्पोर्ट पिस्तूलवर आली आहेत. एअरवर सगळ्यांच्या सिरीज (दहा गोळ्या, शंभरपैकी) नव्वदच्या वर, होल्ड (नेम धरून हात स्थिर ठेवणं) चांगला. .२२ वर मात्र पहिल्या एक-दोन गोळ्या दहात बसतात आणि मग सात-आठमध्ये, खाली-डावीकडे घसरतात. सगळी उजव्या हाताची आहेत. ‘ग्रिप घट्ट धरा’ म्हटलं की आणखी बिघडतं. धक्का ताकदीने दाबायचा की येऊ द्यायचा? मनगट आणि कोपराचं नेमकं काय करायचं? सरावाचा क्रम कसा ठेवावा?

पंचगंगाकाठ

दादा, धक्क्यामुळे गोळी खाली जात नाही. धक्का नळी वर उचलतो, मग गोळी खाली कशी जाईल? ती खाली नेतो तो धक्का येण्याआधीच हाताने केलेला बंदोबस्त.

हिशोब मुलांसमोर मांडा. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाची. एअरचा पेलेट अर्ध्या ग्रॅमचा, वेग दीडशेच्या आसपास. म्हणजे हाताला बसणारा रेटा जवळजवळ दहापट. पण गोळी नळीतून निघायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि माणसाची प्रतिक्रिया कितीही चपळ असली तरी दीडशे मिलिसेकंदांच्या खाली फारशी येत नाही. हाताला धक्का जाणवतो तेव्हा गोळीचा निकाल लागलेला असतो. तो दाबायला गेलेला हात एक तर उशिरा पोचतो, नाहीतर फार लवकर. लवकर पोचला की सात.

चूक केवढीशी असते तेही सांगा. २५ मीटरवर आठ आणि सातच्या मधली रेषा केंद्रापासून ७५ मिलिमीटरवर असते. साइट रेडियस (पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर) २२० मिलिमीटर धरला, तर फ्रंट साइट (नळीच्या टोकाची साइट) नुसती दोन-तृतीयांश मिलिमीटर खाली गेली की गोळी तिथे पोचते. होल्डची काळजी मात्र करू नका. एअरचा दहा ११.५ मिलिमीटरचा, २५ मीटर प्रिसिजनचा (सावकाश मारायच्या टप्प्याचा) ५० मिलिमीटरचा. अंतर लक्षात घेऊन कोनात मोजलं तर हा दहा पावणेदोनपट मोठा आहे. एअरवर नव्वद मारणाऱ्याचा होल्ड इथे पुरून उरतो.

आता हाताचं. अंगठा आणि तर्जनीमधला खळगा ग्रिपच्या मागे जितका वर बसेल तितका बसवा. नळीची रेघ आणि कोपरापासूनचा हात एका ओळीत हवा. दाब मधल्या दोन बोटांनी, समोरून सरळ मागे. करंगळी नुसती टेकलेली, अंगठा बाजूने न दाबणारा. दाब किती? हात थरथरेपर्यंत आवळा, मग थरथर थांबेपर्यंत सैल करा. त्या दाबावर थांबायचं आणि शॉट संपेपर्यंत तो बदलायचा नाही. मुलं ‘घट्ट धरा’ ऐकतात आणि ट्रिगर सुटतानाच मूठ आवळतात. ग्रिप सगळी एकदम आवळली की नळी खाली-डावीकडे जाते. तुमच्याकडे बिघडतंय ते इथेच.

मनगट आणि कोपर लॉक. खांदा खाली, मोकळा. धक्क्याने हात अख्खा, खांद्यापासून उचलला जाऊ दे आणि आपोआप खाली येऊ दे. फ्रंट साइट उठली तशीच परत टार्गेटच्या काळ्या भागाखाली आली, तर स्टान्स बरोबर. दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडे येऊन बसत असेल, तर मनगटाने ओढून आणू नका, पाय सरकवा.

स्टँडर्डवेलोसिटी

वरच्याशी पूर्ण सहमत. खात्री करायची असेल तर डमी (नकली गोळ्या) मिसळा. मॅगझिन दुसऱ्याने भरायचं, पाचात एक किंवा दोन प्लास्टिकच्या डमी, कुठे आहेत ते नेमबाजाला न सांगता. डमीवर नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि त्या क्षणी नळी बोटभर खाली डुबकी मारते. ते त्याने स्वतः पाहिलं की शंभर वेळा सांगण्याची गरज उरत नाही. मात्र अशा वेळी ‘टक्’ झालं की नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, मग मॅगझिन काढून चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) रिकामं करायचं. ती डमी होती की न फुटलेली गोळी, हे आधी कळत नाही. आवाज नेहमीच्या ऐवजी ‘फुस्स’ असा आला तर पुढची गोळी मारायचीच नाही. नळी तपासल्याशिवाय तर अजिबात नाही.

रिकाम्या चेंबरवर .२२ चा ट्रिगर दाबत बसू नका. रिमफायर (पिन गोळीच्या तळाच्या काठावर मारणारं) असल्याने फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. मॅच पिस्तुलांना ड्राय फायरची (गोळीशिवाय ट्रिगर दाबण्याची) वेगळी सोय असते, ती वापरा. एका जिवंत गोळीमागे पाच ड्राय, हे प्रमाण सुरुवातीचे काही आठवडे सोडू नका.

दचकणं निम्मं आवाजाचं असतं. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. बंद रेंजवर तर हवेतच. बऱ्याच मुलांची डोळ्यांची उघडझाप एवढ्यानेच कमी होते.

गोळ्या स्टँडर्ड वेलोसिटीच्याच घ्या. हाय वेलोसिटीने धक्का वाढतो, स्लाइड (मागे-पुढे सरकणारा भाग) जोरात आपटते आणि मॅच पिस्तुलाचा बफर (ती आपट झेलणारा तुकडा) लवकर जातो. रिकामी केस बाहेर पडताना स्लाइडमध्ये उभी अडकत असेल, तर पिस्तुलाला दोष देण्याआधी मनगट बघा. मनगट ढिलं असलं की फ्रेमच मागे सरकते आणि स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही. मनगट ठीक असेल तर एक्स्ट्रॅक्टरखाली (रिकामी केस ओढणाऱ्या आकडीखाली) साचलेलं मेण आणि शिसं ब्रशने काढा.

ग्रिपचं मापही बघा. मोठ्या ग्रिपमध्ये पिस्तूल दर गोळीला हातात थोडं फिरतं, आणि पाचव्या गोळीला ग्रिप पहिल्या गोळीची राहत नाही. मोकळ्या जागी पुट्टी भरा, बोचतं तिथे पॉलिश पेपर मारा. मुंबईच्या दमट हवेत दर सिरीजआधी तळवा आणि ग्रिप कोरडी पुसा.

काळाठिपका

दोघांचे आभार. मूठ आवळण्याचा मुद्दा नेमका लागू पडतो आहे. आता ड्यूएलचं सांगा. आणि सेंटरफायर (पिन गोळीच्या तळाच्या मध्यावर मारणाऱ्या) .३२ ला कधी हात लावावा?

पंचगंगाकाठ

ड्यूएल म्हणजे २५ मीटरचा खरा आनंद! हिरवा दिवा ३ सेकंद, लाल ७ सेकंद, प्रत्येक हिरव्याला एकच गोळी, हात ४५ अंशांच्या खालून वर. इथला दहा १०० मिलिमीटरचा, प्रिसिजनच्या दुप्पट. धक्क्यातून सावरायला पूर्ण ७ सेकंद मिळतात, म्हणून घाई नको. हात वर येता येता ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायचा, साइट काळ्यात शिरली की दाब वाढवतच राहायचा, थांबायचं नाही. गोळी साधारण अडीच सेकंदांच्या आत जावी. दिवा जाईल या भीतीने शेवटी मारलेला झटका म्हणजे परत खाली-डावीकडे. सुरुवातीला टार्गेटऐवजी कोरा पांढरा कागद लावा आणि नुसती उचल, साइट, ट्रिगर ही लय बसवा. ती बसली की पाच गोळ्या एका ठेक्यात जातात, आणि फ्रंट साइट उठून परत जागेवर येताना दिसते. ते दिसायला लागलं की पोरं रेंज सोडायला तयार होत नाहीत.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं ते शूट-ऑफमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या फेरीत), याच लयीवर. मुलांना ती फायनल दाखवा आणि गोळी सुटल्यावर हात किती वेळ समोर राहतो तेवढंच बघायला सांगा.

पुरुषांच्या रॅपिड फायरचं गणित निराळं. तिथे पाच टार्गेटवर पाच गोळ्या, ८, ६ आणि शेवटी ४ सेकंदांत. धक्का खाली येताना हात पुढच्या टार्गेटकडे निघालेला लागतो. तिकडे मुलांना इतक्यात नेऊ नका.

स्टँडर्डवेलोसिटी

.३२ वॉडकटरची (सपाट तोंडाची) गोळी साडेसहा ग्रॅमच्या आसपास, वेग सव्वादोनशे मीटर. म्हणजे रेटा .२२ च्या जवळजवळ दुप्पट. डमी मिसळलेल्या मॅगझिनवर सलग काही सत्रं नळी हलली नाही, की मगच. पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये एकेकच गोळी भरा, एकूण २०-२५ पुरे. हात दमला की दचकणं परत येतं, म्हणून सत्राच्या शेवटच्या दहा गोळ्या .२२ च्या ठेवा. ट्रिगर दोन्हीकडे १००० ग्रॅमचाच असल्याने बोटाला नवीन काही शिकावं लागत नाही. त्याआधी रेंजवरच्या वजनाने दोन्ही पिस्तुलांचा ट्रिगर तपासून घ्या, कारण एक हजारावर आणि दुसरं बाराशेवर असलं तर एवढी मेहनत वाया जाते.