मदत हवी आहे: लॉड स्कोअर ३.०१ की २.७१?

नमस्कार मंडळी, एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. लिंकेजच्या (म्हणजे गुणसूत्रावर जवळ असलेल्या दोन जागा वारशात एकत्र उतरण्याच्या) एका गणितावर दोन दिवस अडून बसलेय.

वडिलांना प्रभावी जनुकामुळे होणारा आजार, आई निरोगी, मुलं दहा. मार्कर, म्हणजे ओळखीची खूण, म्हणून डीएनएतली एक जागा घेतलीय, जिथे 'सीए' ही जोडी लागोपाठ किती वेळा येते ते माणसागणिक बदलतं (सीए रिपीट). वडिलांकडे १६ आणि १९, आईकडे १४ आणि २१. वडिलांकडून १९ मिळालेली सगळी मुलं आजारी, १६ मिळालेली सगळी निरोगी. अपवाद एकही नाही.

मी असं केलं: जनुक मार्करला अगदी चिकटून असेल तर प्रत्येक मुलात जुळणी होणारच. संबंध नसेल तर दर मुलामागे शक्यता निम्मी. दहा मुलांसाठी या दोन शक्यतांचं गुणोत्तर म्हणजे २ चा दहावा घात, १०२४, आणि त्याचा लॉग, म्हणजेच लॉड स्कोअर, ३.०१. तीनच्या वर गेलं की लिंकेज मानतात. पण मागे उत्तर २.७१ छापलंय!

दुसरी शंका. लिंकेजवरून दोघं शेजारी आहेत एवढंच कळतं, मग गुणसूत्र कितवं हे कसं ठरवतात? हंटिंग्टनच्या आजाराचं (मेंदूचा एक आनुवंशिक आजार) जनुक ४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असल्याचं १९८३ मध्ये कळलं, जनुक हाती लागलं १९९३ मध्ये. दहा वर्षं नुसता पत्ता ठाऊक होता! हे मला फार विलक्षण वाटतं, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १
गणितात आजी-आजोबांचे नमुने नसणार. मग वडिलांच्या ज्या गुणसूत्रावर १९ रिपीट आहेत, आजार त्याच्यावरच आहे हे तुम्ही मुलांकडे बघून ठरवलंत. आधी दोन्ही शक्यता सारख्या धरायच्या: आजार १९ सोबत, किंवा १६ सोबत. पहिलीचे १०२४, दुसरीचे शून्य, सरासरी ५१२, लॉग २.७१. वडिलांना आजार आणि १९ दोन्ही त्यांच्या आईकडूनच आल्याचं दिसलं असतं, तर तुमचे ३.०१ बरोबर.

हंटिंग्टनचा मार्कर जी८ हा असा रिपीट नव्हता. एन्झाइम डीएनए कुठे कापतं, त्यातला फरक होता. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या मोठ्या घराण्यात तो आजारासोबत उतरताना दिसला. त्याचं गुणसूत्र संकरित पेशींवरून ठरलं. माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र केली की माणसाची गुणसूत्रं हळूहळू गळतात, आणि प्रत्येक पेशीवंशात वेगळी उरतात. ४ क्रमांकाचं जिथे उरलं तिथेच जी८ सापडला.

धागाकर्ती
खूप आभार, आजीचा मुद्दा सुचलाच नव्हता! आईचे आकडेही १६ आणि १९ असते तर?

प्रतिसाद २
मग १६-१९ असलेल्या मुलांत कुठला आकडा कुणाकडून आला ते कळत नाही, ती बाद. १६-१६ आणि १९-१९ तेवढी मोजायची. एन्झाइमच्या मार्करला बहुतेकदा दोनच रूपं, त्यामुळे ही अडचण नेहमीची. रिपीटला रूपं भरपूर, आईवडिलांचे दोन्ही आकडे जुळणं कमी. म्हणून १९८९ नंतर गुणसूत्रांचे नकाशे सीए रिपीटवर उभे राहिले.