ऑनलाइन वंशावळ-शोधाचे निकाल एक्सेलमध्ये नीट कसे आणावेत?

बार्देशचा वाचक

नमस्कार. आमच्या गावातील एका वाड्यावरच्या हिंदू आणि ख्रिस्ती अशा सर्व जुन्या घराण्यांच्या वंशावळी एकत्र मांडण्याचे काम मी हाती घेतले आहे. ख्रिस्ती घराण्यांतील अनेक माणसे नोकरीनिमित्त मुंबई, कराची आणि पूर्व आफ्रिकेत गेली व तिथेच स्थायिक झाली; त्यामुळे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदी मी फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर शोधतो. एकेका आडनावाला शेकडो निकाल येतात आणि ते हाताने उतरवून घेणे अशक्य होते. पान सिलेक्ट करून एक्सेलमध्ये पेस्ट केले, तर नाव, तारीख, गाव, आईवडील असे सर्व एकाच रकान्यात एकाखाली एक येते. काही तारखा सेलमध्ये उजव्या कडेला जातात, काही डाव्या कडेला राहतात, आणि क्रमवारी लावली की १८७०च्या दशकातील नोंदी १९२० नंतरच्या नोंदींच्याही खाली जाऊन बसतात. इतर ठिकाणांहून मिळालेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलींमध्ये पोर्तुगीज नावांतील काही अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. कृपया मार्गदर्शन करावे.

म्हापशाहून

फॅमिलीसर्चपुरते बोलायचे तर पेस्ट करण्याची गरजच नाही. आपल्या खात्यात लॉग-इन करून शोध घेतल्यावर निकालांच्या यादीपाशीच निकाल एक्सपोर्ट करण्याची सोय आहे. तिथून थेट स्प्रेडशीटची फाइल उतरते. मात्र त्या फाइलीत समोरच्या पानावर दिसणारेच निकाल येतात, म्हणून एका पानावरील निकालांची संख्या आधी जास्तीत जास्त करून घ्यावी आणि मग एकेक पान उतरवावे. सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवल्यात, तर एक्सेलमधील ‘डेटा’ टॅबवरच्या ‘गेट डेटा’मधून ‘फ्रॉम फोल्डर’ निवडून त्यांची एकच शीट करता येते.

त्या फाइलीत प्रत्येक नोंदीची लिंक असते व तिच्यात ‘आर्क’ हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो. तो रकाना कोणत्याही परिस्थितीत पुसू नका. वेगवेगळ्या स्पेलिंगने शोध घेतला की तीच नोंद पुन्हापुन्हा हाती लागते, आणि ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ हे फक्त या क्रमांकावर चालवले तरच खरोखर दुहेरी आलेल्या ओळी जातात. नावावर चालवाल, तर एकाच नावाची दोन वेगळी माणसे एक होतील. आपल्याकडे एकाच वाड्यावर एकाच नावाचे चुलते-पुतणे असणे नवीन नाही.

ज्या संकेतस्थळावर अशी सोय नसेल, तिथे शंभर-दोनशे नोंदी हाताने घेतलेल्या बऱ्या. पाने आपोआप ओरबाडणारे प्रोग्राम बहुतेक संकेतस्थळांच्या अटींत बसत नाहीत आणि त्यापायी खाते बंद होण्याची शक्यता असते.

तारीखवार

तारखांचा घोळ आपल्या हातून झालेला नाही. एक्सेलची दिनदर्शिका १ जानेवारी १९०० या दिवशी सुरू होते; त्याआधीची कोणतीही तारीख एक्सेलच्या लेखी साधा मजकूर असते. म्हणूनच ती डावीकडे राहते, आणि चढत्या क्रमात आकडे आधी व मजकूर नंतर येत असल्यामुळे १८७०च्या नोंदी शेवटी जातात. याहून घातक प्रकार १९०० नंतरच्या तारखांचा आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर ४/७/१९२३ म्हणजे ४ जुलै ही तारीख गुपचूप ७ एप्रिल होते, पण १३/७/१९२३ ला तेरावा महिना सापडत नसल्यामुळे ती मजकूर म्हणून तशीच राहते. एकाच रकान्यात काही तारखा उलटलेल्या आणि काही शाबूत, अशी ही सरमिसळ नंतर डोळ्यांनी पकडता येत नाही.

यावर माझा उपाय असा की, मूळ तारखेचा रकाना आणतानाच ‘टेक्स्ट’ ठेवावा आणि त्याच्या शेजारी वर्ष, महिना व दिवस असे तीन वेगळे रकाने आकड्यांत भरावेत. क्रमवारी या तिघांवर लावावी. ‘सुमारे १८८५’ असा अंदाजी उल्लेख असेल, तर फक्त वर्ष भरता येते आणि उरलेले दोन रकाने मोकळे सोडता येतात. जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख यांचे रकानेही वेगळे हवेत, कारण पुष्कळदा नोंदीत बाप्तिस्म्याचीच तारीख असते व ती जन्मतारीख म्हणून पुढे चालू लागते.

अक्षरांबद्दल: सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१, म्हणजे युनिकोड यूटीएफ-८, निवडा. पोर्तुगीज नावे मग जशीच्या तशी दिसतील.

दप्तर-अभ्यासक, पणजी

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मी गोव्याच्या नोंदींपुरती भर घालतो. स्पेलिंग ‘दुरुस्त’ करण्याचा मोह कृपया टाळावा. जुन्या पोर्तुगीज लेखनात शंकर हे नाव एक्स या अक्षराने सुरू होते, प्रभूचे पोरोबो होते, कामतचे कामोतिम होते आणि नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई येतात. दप्तरात जे लिहिले आहे तेच पहिल्या रकान्यात जसेच्या तसे असू द्यावे, आणि आपले प्रमाणित मराठी रूप दुसऱ्या रकान्यात घालावे. त्यासाठी एका वेगळ्या शीटवर ‘मूळ लेखन’ आणि ‘मराठी रूप’ अशी दोन रकान्यांची यादी करून ‘एक्सलुकअप’ने (यादीत शोधून जुळणारी किंमत आणणाऱ्या एक्सेलच्या सूत्राने) रूप ओढून घ्यावे, यादीत एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे होतो. गावांसाठीही अशीच यादी हवी, कारण हळदोणे तिथे आल्दोना म्हणून येते आणि शिवोली सियोलिम म्हणून.

निकालांत दिसतो तो मूळ नोंदीचा गोषवारा असतो, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत बऱ्याच वेळा आजी-आजोबांची आणि धर्ममातापित्यांची नावेही असतात. गोषवाऱ्यात ती सहसा गळतात. निम्मा वाडा फर्नांडिस आणि निम्मा डिसोझा असेल, तर घराणी वेगळी करायला हीच नावे उपयोगी पडतात. म्हणून ज्या नोंदीचे छायाचित्र उघडता येते ती उघडून वाचावी आणि या नावांसाठी रकाने वाढवावेत.

हिंदू घराण्यांबाबत ऑनलाइन शोधावर फार विसंबू नये. गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासून सुरू झाली. त्यानंतरचे जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले नोंदणी कार्यालयात आणि जुनी दप्तरे पणजीच्या पुराभिलेख खात्यात पाहावी लागतात. देवस्थानाच्या महाजनांच्या (वंशपरंपरागत सदस्यांच्या) याद्या आणि वारसाहक्काच्या इन्व्हेंटरीचे, म्हणजे मृताची मालमत्ता व वारस यांच्या नोंदीचे, कागद यांतूनही पिढ्या सापडतात. स्त्रियांसाठी माहेरचे नाव आणि सासरचे नाव असे दोन स्वतंत्र रकाने ठेवाच, कारण लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलत असे आणि एकच बाई दोन माणसांसारखी भासते.

बार्देशचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक्सपोर्ट करून पाहिले, रकाने व्यवस्थित आले. आता एक अडचण उरते. एकाच माणसाचा बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू अशा तीन नोंदी मिळाल्या, तर त्या एका ओळीत एकत्र कराव्यात की तीन ओळी ठेवाव्यात? पुढे यातूनच वंशवृक्ष तयार करायचा आहे.

म्हापशाहून

तीन ओळीच ठेवा. नोंदींची शीट ही नोंदींचीच राहू द्या आणि माणसांची वेगळी शीट करा, जिच्यात प्रत्येक व्यक्तीला आपण दिलेला एक क्रमांक असेल. नोंदींच्या शीटमध्ये ‘व्यक्ती क्रमांक’ हा रकाना वाढवून तिन्ही ओळींसमोर तोच क्रमांक लिहा, आणि शेजारी ‘खात्री’ नावाच्या रकान्यात ‘निश्चित’ किंवा ‘संभाव्य’ असे नमूद करा. उद्या लक्षात आले की विवाहाची नोंद काकांची नसून पुतण्याची आहे, तर एक क्रमांक बदलून काम भागते. ओळी एकत्र केल्या असत्या, तर कोणती माहिती कुठून आली होती हे शोधत बसावे लागले असते.

वंशवृक्षासाठी ग्रॅम्प्स हा मोफत प्रोग्राम पाहावा. तो सीएसव्ही फाइल स्वीकारतो, पण व्यक्ती, विवाह आणि कुटुंबे हे तीन भाग एकाखाली एक, मध्ये एक रिकामी ओळ सोडून, ठरलेल्या शीर्षकांसह द्यावे लागतात. व्यक्ती क्रमांक आधीच असल्यामुळे विवाहाच्या भागात पती-पत्नीचे आणि कुटुंबांच्या भागात मुलांचे क्रमांक लिहिणे एवढेच उरते. सुरुवातीला एकच घराणे, दोन पिढ्यांपुरते, आयात करून पाहा. शीर्षके जुळली की बाकीची घराणी घाला.