ईएल८४ च्या घरी बांधलेल्या अँप्लिफायरला रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) व्हॉल्व्ह कोणता घ्यावा? (फैजपूर, जि. जळगाव)

नमस्कार मंडळी,

दोन ईएल८४ पॉवर व्हॉल्व्ह (सिंगल एंडेड, प्रत्येक चॅनलला एक) आणि त्यांच्या आधी एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह असा छोटा स्टिरिओ अँप्लिफायर बांधतोय. ट्रान्सफॉर्मर गावातल्याच मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांनी भरून दिला. हयात सबमर्सिबल मोटारी भरण्यात गेली, पण हे कामही फार सुबक केलंय: सेकंडरी २५०-०-२५० (मधलं टोक म्हणजे सेंटर टॅप), शिवाय ६.३ व्होल्टची दोन वेगळी वाइंडिंग, एक ३ अँपिअरचं, दुसरं दीड अँपिअरचं. ५ व्होल्टचं वाइंडिंग नाही.

सध्या १एन४००७ डायोड लावलेत. लाइन २३० असताना लोडवर ३१५ व्होल्ट डीसी मिळतं. करंट एकूण १०५ मिलिअँपिअर धरा. अडचण रात्रीची आहे. केळीवरचे पंप चालू असतात तेव्हा घरात १९० व्होल्ट येतात आणि ते बंद झाले की २५०. मग डीसी ३४० च्या वर जातं, आणि ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा ३०० आहे. म्हणून डायोडपेक्षा जास्त व्होल्टेज पाडणारा व्हॉल्व्ह रेक्टिफायर हवाय.

जीझेड३४ दमदार आहे, २५० मिलिअँपिअर देतो, पण त्यात व्होल्टेज फारसं पडत नाही. माझं दुखणं तसंच राहील, वर किंमतही जास्त. ५वाय३ मध्ये भरपूर पडतं, पण मर्यादा १२५ मिलिअँपिअर, म्हणजे अगदी काठावर. शिवाय या दोघांना ५ व्होल्टचं हीटर लागतं. ईझेड८१ ला ६.३ व्होल्ट, १ अँपिअर पुरतं आणि तो १५० मिलिअँपिअर देतो. मन तिथेच ओढतंय.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माझा पहिला कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा आहे, तो चालेल का? चोक (डीसीतली लहर गाळणारी कॉइल) म्हणून ट्यूबलाइटचा जुना तांब्याचा चोक वापरता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: इथे लाइट जाते आणि अर्ध्या मिनिटात परत येते. तेव्हा व्हॉल्व्ह तापलेला आणि कपॅसिटर रिकामे असतात. हा करंटचा झटका ईझेड८१ किती दिवस सोसेल?

धुळेकर:
ईझेड८१ च घ्या, दीड अँपिअरच्या वाइंडिंगवर. १०० चा कपॅसिटर मात्र पहिल्या जागेवरून काढा, तिथे ५० मायक्रोफॅरडच्या वर जायचं नाही. ४७ लावा, मग चोक, मग तुमचा १००. ट्यूबलाइटचा चोक चालतो, पण जेमतेम एक हेन्रीचा असतो. हम (स्पीकरमधली गुणगुण) राहिला तर पुढे आणखी एक कपॅसिटर वाढवा.

प्रायमरीचा आणि सेकंडरीच्या प्रत्येक अर्ध्याचा रेझिस्टन्स मोजून सांगा.

धागाकर्ता:
दादा, प्रायमरी २२ ओहम, सेकंडरीचे अर्धे ६८ आणि ७४.

धुळेकर:
प्रायमरीचा रेझिस्टन्स सेकंडरीच्या बाजूने धरू: २५० भागिले २३०, त्याचा वर्ग १.१८, गुणिले २२ म्हणजे २६. तो मिळवला की एका बाजूला ९४, दुसऱ्या बाजूला १००. २५० व्होल्टच्या वाइंडिंगला प्रत्येक प्लेटमागे साधारण १५० ओहम हवेत. दोन्ही प्लेटना ५६ ओहम, ५ वॅटचा एकेक रेझिस्टर घाला. झटका त्यानेच आवरतो. डीसी २६० च्या आसपास येईल, रात्री २८०. ईएल८४ च्या कॅथोडला १८० ओहम ठेवा, म्हणजे प्लेट १२ वॅटच्या आत राहील. सेंटर टॅपला २५० मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज विसरू नका.

भुसावळवाला:
लाइट परत येण्याबद्दल सांगतो, भो. शेतातल्या पंपाचा स्टार्टर कसा, लाइट गेली की पडतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय उठत नाही. तसंच करा: २३० व्होल्ट कॉइलचा रिले, स्वतःच्याच कॉन्टॅक्टवर धरलेला, आणि एक पुशबटण. लाइट आली तरी अँप्लिफायर आपोआप चालू होणार नाही. पाच मिनिटं थांबून मग दाबायचं. डीसीवर ब्लीडर रेझिस्टरही (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा) लावा, आणि हात घालण्याआधी मीटरने व्होल्टेज उतरलंय का बघा.

१९० ला हीटरवर फक्त ५.२ व्होल्ट उरतात. तसं रोज चालवू नका, कॅथोड खराब होतात. फ्रिजचा स्टॅबिलायझर घरात असेल तर त्यावर लावा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. रिलेची गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. ईझेड८१ नक्की केला. आता एकच: नऊ पिनांचा सिरॅमिक सॉकेट जळगावात कुणाला मिळालाय का, की मुंबईहूनच मागवावा लागेल?