देवनागरीसाठीही साधने हवीत
वापरसुलभ, म्हणजे सर्वांना सहज वापरता येतील अशा संकेतस्थळांसाठी सहसा सुचवली जाणारी साधने उत्तम आहेत, परंतु त्यांतील बहुतेक रोमन लिपी गृहीत धरतात, म्हणून देवनागरीपुरती ही भर घालतो. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचना संस्थेने घडवलेला 'मुक्ता' हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतो आणि लहान आकारातही सुवाच्य राहतो. इंग्रजी मथळ्यांप्रमाणे अक्षरांतील अंतर मात्र वाढवू नये, कारण त्याने शिरोरेखा तुटते. बटणाची उंची ठरावीक ठेवून त्यात 'पूर्ण करा' लिहिले, तर वरचा रफार किंवा खालचा ऊकार कापला जाऊ शकतो. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ नुसार, म्हणजे संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वाचकाने ओळींची उंची अक्षराच्या दीडपट केली तरी मजकूर हरवता कामा नये. मराठी पानांवर ही चाचणी आधी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.