साठच्या दशकातल्या ब्रिटिश बीट (रॉक) ग्रुपांच्या तबकड्यांतला बास: वाजवणारे कमी पडले की मुद्रण करणारे घाबरले?

खर्जवेडा
बीटल्सची १९६३-६४ ची गाणी ऐका आणि लगेच १९६६ चं 'पेपरबॅक रायटर' लावा. आधीचा बास, म्हणजे खर्जाची गिटार, शेजारच्या खोलीतून येतोय असं वाटतं. माझ्या मते सगळा दोष त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या, ईएमआयच्या, तंत्रज्ञांचा. खर्ज वाढला की स्वस्त रेकॉर्ड प्लेअरची सुई खाचेतून उडेल, ही त्यांची धास्ती. बीटल्सचा बासवादक मॅकार्टनी तेव्हाही भन्नाटच वाजवायचा. 'ऑल माय लव्हिंग'मधला बास ऐका, एक क्षण जागेवर थांबत नाही.

तारतम्य
नाचणारीण तरबेज, अंगण तेवढं वाकडं! अहो, वाद्य कुठलं होतं? १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेलं हॉफनर कंपनीचं. पोकळ अंगाचं, आखूड मानेचं. सूर गोड पण गुबगुबीत, त्याला धारच नाही. आणि ईएमआयच्याच कोलंबिया लेबलवर १९६५ ला ॲनिमल्स या ग्रुपचं 'वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस' आलं. त्याची सुरुवातच चॅस चँडलरच्या बासने होते. उडाली का सुई?

खर्जवेडा
तिथे बासला मोकळं रान आहे. 'द हू' ग्रुपच्या 'माय जनरेशन'मध्येही त्यांचा बासवादक एन्टविसल बोलतो ते बाकीचे मागे सरल्यावर. भर गर्दीत ऐकू येणं वेगळं.

जुनी तबकडी
एन्टविसलचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्या सोलोसाठी त्याला डॅनइलेक्ट्रो बासच्या तारांचा खणखणाट हवा होता. तार तुटली की सुटी तार मिळेना, म्हणून पठ्ठ्या अख्खं वाद्यच नवं घ्यायचा, असं तोच सांगायचा. शेवटी रेकॉर्डवर वाजला तो फेंडर जाझ बास. म्हणजे आवाज तारेपासून घडतो, हे वाजवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण तुम्ही दोघंही ट्रॅक, म्हणजे टेपवरच्या स्वतंत्र पट्ट्या, विसरताय. १९६३ च्या बहुतेक काळात बीटल्सचं मुद्रण दोन ट्रॅकवर व्हायचं: एकावर सगळी वाद्यं, दुसऱ्यावर गाणं. नंतर एकटा बास वर काढायचा कसा? १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बमच्या वेळी बऱ्याच गाण्यांत बास शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवला, तेव्हा कुठे त्याला ऐसपैस जागा मिळाली.

खर्जवेडा
हे मान्य. पण 'पेपरबॅक रायटर'ला जेफ एमरिक आणि केन टाउनसेंड या ईएमआयच्याच तंत्रज्ञांनी लाउडस्पीकर उलटा जोडून त्याचाच माइक केला आणि बासच्या स्पीकरसमोर ठेवला. हे तीन वर्षं आधी कुणाला सुचलं नाही?

तारतम्य
आणि त्याच गाण्यात हातात हॉफनरऐवजी रिकनबॅकर होतं, हे सोयीस्करपणे गाळलंत! बरं, 'ऑल माय लव्हिंग' तर दोन ट्रॅकच्या काळातलं, हॉफनरवरचं, त्याच घाबरट तंत्रज्ञांचं. बास दाबलेला असता तर तो जागेवर थांबत नाही हे तुम्हाला ऐकू कसं आलं?

खर्जवेडा
मी अलीकडचं रीमास्टर, म्हणजे आवाज नव्याने सुधारलेली आवृत्ती, ऐकलं होतं. जुनी मोनो तबकडी मिळवून ऐकतो, मग भांडू.